दमास्कस ते दसरा चौक: कट्ट्यावर अरब साम्राज्य मांडण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या कठड्यावर, मिरजकर तिकटीला किंवा एखाद्या तालमीच्या दारात बसणाऱ्या, आणि हद्दवाढ व फुटबॉल हे दोन विषय संपले की थेट सातव्या शतकात शिरणाऱ्या होतकरू वक्त्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. विषय कोण काढतं हे आजवर कोणाला कळलेलं नाही. कोणीतरी मोबाईलवर आलेला मजकूर मोठ्यानं वाचतो, दुसरा "भावा, हे तर काहीच नाही" म्हणतो, आणि पाच मिनिटांत अरबस्तान, इराण, स्पेन आणि सिंध पादाक्रांत होतात. खऱ्या अरबांना त्यासाठी सुमारे शंभर वर्षं लागली होती.

नवशिक्याची पंचाईत अशी, की सगळे बोलत असतात आणि आपण नुसते शेंगा सोलत बसतो. त्याच्या सोयीसाठी इथं प्रत्येक पायरीवर दोन पद्धती दिल्या आहेत. सोपी पद्धत लगेच गुण देते आणि तिला वाचन लागत नाही. अवघड पद्धतीत सनावळी, नावं आणि तीन-चार ताम्रपट येतात. तिनं वाद जिंकता येतो, मात्र चहा पाजणारे कमी होतात. कोणती वापरायची हे ज्यानं त्यानं आपली मित्रमंडळी बघून ठरवावं.

लागणारं साहित्य

सोप्या पद्धतीसाठी: चार्ज केलेला मोबाईल, चढा आवाज आणि "हे सगळ्यांनाच माहीत आहे" हे वाक्य.

अवघड पद्धतीसाठी: अरबी समुद्र मधोमध येईल असा एक नकाशा, 632, 661 आणि 750 हे तीन सन, आणि गरज पडल्यास गडहिंग्लजपर्यंत गाडी काढायची तयारी.

पायरी 1: "ते" म्हणजे कोण, हे आधी ठरवा

सोपी पद्धत: सगळ्यांना "मुघल" म्हणा. सिंध जिंकणारा मुहम्मद बिन कासिम मुघल, बहमनी मुघल, आदिलशहाही मुघल. मुहम्मद पैगंबरांचं निधन 632 मधलं आणि बाबर पानिपतावर जिंकला 1526 मध्ये. मधल्या 894 वर्षांची सोय एका शब्दात लागते. एवढी काटकसर दुसऱ्या कुठल्याच विषयात होत नाही.

अवघड पद्धत: 632 ते 661 या काळात अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली असे चार खलिफा झाले. त्यांतल्या शेवटच्या तिघांचा खून झाला. 661 पासून उमय्या घराणं आलं, त्यांची राजधानी दमास्कस. 750 मध्ये अब्बासी घराण्यानं त्यांचा पाडाव केला आणि 762 मध्ये बगदाद वसवलं. कत्तलीतून निसटलेला उमय्यांचा एक राजपुत्र, अब्दुर रहमान, थेट स्पेनला पोचला आणि 756 मध्ये त्यानं कोर्दोबाला स्वतंत्र राज्य थाटलं. म्हणजे जे साम्राज्य कट्ट्यावर एकदिलानं जगावर चालून येतं, ते प्रत्यक्षात पहिल्या सव्वाशे वर्षांत आपापसातच इतकं लढलं, की दुसऱ्याशी लढायला त्याला सवड कशी मिळाली याचंच नवल वाटावं.

ही पायरी शिकायला कोल्हापूरकराला खरं तर पुस्तकाचीही गरज नाही. मोहरमला इथं तालमीतालमीत पंजे बसतात. खत्तलरात्रीला भेटी होतात, चोंगे वाटले जातात, आणि शेवटी पंजे पंचगंगेकडे निघतात. खांदा द्यायला सगळ्या जातीधर्मांची पोरं असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर तर गणपती कोरलेला आहे. हे सगळं ज्याच्या आठवणीत चालतं ते हुसेन पैगंबरांचे नातू. 680 मध्ये करबला इथं उमय्या खलिफा यझीद याच्या फौजेनं त्यांना मारलं. मोहरमची आठवण साम्राज्याच्या विजयाची नाही, त्याच साम्राज्यानं मारलेल्या माणसाची आहे. तेव्हा रात्री पंजाला हात जोडून आलेला आपला मित्र सकाळी कट्ट्यावर "ते सगळे एकच" म्हणू लागला, तर त्याला रागावू नये. त्याचं अजून जागरण उतरलेलं नसतं.

पायरी 2: विजयाचं कारण सांगा

सोपी पद्धत: "तलवार." एवढंच म्हणून गप्प बसा आणि समोर पाण्याकडे बघा. परिणाम चांगला होतो.

अवघड पद्धत: तलवारी सगळ्यांकडेच होत्या. बायझंटाईन रोमनांकडे आणि सासानी इराण्यांकडे तर जास्त आणि चांगल्या. पण ही दोन साम्राज्यं 602 ते 628 अशी 26 वर्षं एकमेकांशी लढत होती. इराण्यांनी सीरिया, जेरुसलेम आणि इजिप्त घेतलं. मग सम्राट हेराक्लियस इराणात घुसला आणि त्यानं सगळं परत मिळवलं. इराणचा राजा खुस्रो दुसरा याला 628 मध्ये त्याच्याच माणसांनी ठार केलं आणि पुढच्या चार वर्षांत इराणच्या गादीवर एकामागून एक राजेराण्या येऊन गेल्या. त्यात 541 पासून प्लेगच्या साथी अधूनमधून येतच होत्या. खासबागच्या मैदानात दोन जाडजूड पैलवान तासभर एकमेकांना घुसळून हातपाय गाळून बसलेत, आणि तेवढ्यात कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक गडी ताज्या दमानं हौद्यात उतरला, असा हा प्रकार होता.

636 मध्ये यार्मूकच्या लढाईत रोमनांनी सीरिया गमावला. पुढच्याच वर्षी इराण्यांची राजधानी तेसिफोन पडली. 642 पर्यंत इजिप्त गेलं. सीरिया आणि इजिप्तमधल्या पुष्कळ ख्रिश्चनांचं कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाशी पटत नव्हतं, त्यामुळे जुना धनी गेल्याचं दुःख सगळ्यांनाच झालं असं नाही. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द तिसरा पळत पळत मर्वपर्यंत गेला आणि 651 मध्ये तिथं मारला गेला. तो अरबांच्या लढाईत नव्हे, मर्वच्या आपल्याच सरदाराशी बिनसल्यामुळे. हे वाक्य कट्ट्यावर सांगताना आवाज खाली आणावा. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपापल्या गटातला कोणीतरी आठवतो.

पायरी 3: राज्य चाललं कसं?

सोपी पद्धत: ही पायरी गाळा. हिशेबाचं बोलणं सुरू झालं की मंडळी उठतात.

अवघड पद्धत: सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि म्हणूनच ती कोणी चढत नाही. प्रदेश जिंकून देणाऱ्या टोळीवाल्यांना जमिनी वाटून दिल्या असत्या, तर दहा वर्षांत प्रत्येक जण आपापल्या शेतावर राजा झाला असता. खलिफा उमर यांच्या काळात 'दिवाण' सुरू झाला. सैनिकांची नावनिशीवार नोंदवही आणि त्यांना ठरावीक पगार. जमीन जुन्या कुळांकडेच राहिली, तिचा वसूल खजिन्यात आणि खजिन्यातून पगार. फौजेची वस्तीही जुन्या शहरांत न करता नव्या छावण्यांत केली. इराकमध्ये बसरा आणि कुफा, इजिप्तमध्ये फुस्तात. पुढं या छावण्यांचीच शहरं झाली.

वसुली कोण करत होतं? आधी करत होते तेच कारकून. सीरियात ग्रीक लिहिणारे, इराकात पहलवी लिहिणारे. दप्तर अरबीत आणायचं काम खलिफा अब्दुल मलिक यानं सातव्या शतकाच्या अगदी शेवटी हाती घेतलं. तोवर इराककडच्या चांदीच्या नाण्यांवर सासानी राजाचा मुखवटा आणि मागच्या बाजूला अग्निवेदी असायची, काठाला तेवढी अरबीत अल्लाचं नाव घेणारी अक्षरं. चित्राशिवाय नुसत्या अरबी अक्षरांचं नाणं आलं ते 696-97 च्या सुमारास. तोपर्यंत सुमारे अर्धं शतक अरब सैनिक अग्निवेदीच्या नाण्यांत पगार घेत होता आणि तो घेताना खळखळ केल्याची नोंद नाही. आल्या दिवसापासून त्यांनी जुनं सगळं मोडून टाकलं, असं ज्यांना सांगायचं आहे त्यांनी नाण्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

पायरी 4: धर्मांतराचा प्रश्न आला की

हा प्रश्न येतोच. इथं सोप्या पद्धती दोन आहेत, आणि दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे.

सोपी पद्धत, पहिली: जाईल तिथं तलवारीच्या धाकानं सगळ्यांना एका दिवसात बाटवलं.

सोपी पद्धत, दुसरी: सगळं प्रेमानं, समतेच्या संदेशानं झालं, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

दोन्ही गट एकमेकांवर ओरडत असताना नवशिक्यानं भेळ मागवून घ्यावी.

अवघड पद्धत: लढाया खऱ्या होत्या आणि लढाईत होतं ते सगळं त्यांत होतं. 711-12 मध्ये सिंधमधलं देबल पडल्यावर तिथं तीन दिवस कत्तल चालली, असं नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाझुरी स्वतःच लिहून ठेवतो. लूट होती, गुलाम करून नेणं होतं, आणि बिगरमुस्लिम प्रजेवर जिझिया कर होता. तो भरणाऱ्याचा दर्जा खालचा, हेही उघड होतं.

पण खजिन्याची बाजू वेगळीच गोष्ट सांगते. प्रजा मुसलमान झाली की जिझिया बंद व्हायला हवा, आणि जिझिया बंद झाला की पगार कशातून द्यायचे? म्हणून इराकचा उमय्या सुभेदार हज्जाज यानं धर्म बदलून शहरात आलेल्या शेतकऱ्यांना गावी परत हाकललं आणि त्यांच्याकडून जुनाच कर घेतला. खलिफा उमर दुसरा, 717 ते 720, यानं मुसलमान झालेल्यांचा जिझिया माफ करायचा हुकूम काढला, पण त्याच्यामागं तो नीट टिकला नाही. नव्यानं मुसलमान झालेल्यांची ही नाराजी खुरासानात साठत गेली आणि 747 च्या उठावात ती अब्बासींच्या कामी आली. इराणातली बहुसंख्य प्रजा मुसलमान व्हायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. हे सांगितल्यावर दोन्ही गट तुमच्यावर नाराज होतील. पद्धत बरोबर जमल्याची ती खूण समजावी.

पायरी 5: आपल्या किनाऱ्यावर या

इतका वेळ मंडळी लांबच्या गावांची नावं ऐकून कंटाळलेली असतात. आता "ठाणे" म्हणा. सगळे सावरून बसतील.

बलाझुरी सांगतो, की हिजरी 15 मध्ये, म्हणजे 636-37 च्या सुमारास, बहरीन आणि ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबी अल-आस यानं एक आरमारी तुकडी ठाण्यावर पाठवली. यार्मूकची लढाई आणि ठाण्याची स्वारी जवळजवळ एकाच वेळच्या. पण सुभेदारानं खलिफाची परवानगी घेतली नव्हती. खलिफा उमर यांना समुद्राचा भरवसा नव्हता. माणसं लाकडावर बसवून पाण्यात सोडल्याबद्दल त्यांनी सुभेदाराची खरडपट्टी काढली, आणि ती बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून भरून घेतली असती, अशा अर्थाचा दम भरला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची ही पहिली अरब स्वारी. तिच्याबद्दल वरून शाबासकी नव्हे, ज्ञापन आलं. सरकारी नोकरीतल्या मंडळींना हा भाग विशेष आवडतो.

त्यानंतर लक्षात ठेवायचं गाव नवसारी. सिंध घेतल्यावर तिथल्या अरब सुभेदारांनी कच्छ, सौराष्ट्र, माळवा या बाजूंना स्वाऱ्या सुरू केल्या. 730 च्या दशकाच्या अखेरीस एक फौज दक्षिणेत उतरायचा बेत करून नवसारीपर्यंत आली. तिथं बादामीच्या चालुक्यांच्या गुजरात शाखेतला अवनिजनाश्रय पुलकेशी उभा होता. त्यानं 'ताजिकांना', म्हणजे अरबांना, हरवलं. 739 च्या नवसारी ताम्रपटात ही हकीकत आहे. सम्राट विक्रमादित्य दुसरा यानं खूश होऊन त्याला चार पदव्या दिल्या. त्यांतली एक 'दक्षिणापथसाधार', दक्षिणेचा खांब. दुसरी 'अनिवर्तकनिवर्तयितृ', मागं न फिरणाऱ्यांना मागं फिरवणारा. ही दुसरी पदवी कट्ट्यावर म्हणण्यापूर्वी घरी दहा वेळा म्हणून बघावी.

सोपी पद्धत: "एकदाच असं हाणलं, की परत वळून बघितलं नाही." टाळी हमखास.

अवघड पद्धत: हाणलं हे खरं, आणि त्याचं श्रेय चालुक्यांना द्यायलाच हवं. पण पलीकडे काय चाललं होतं तेही सांगा. 717-18 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा वेढा फसला होता. 732 मध्ये फ्रान्समध्ये पॉईटियर्सला पराभव झाला. 740 मध्ये उत्तर आफ्रिकेत बर्बरांनी बंड केलं. उत्तर हिंदुस्थानात प्रतिहार उभे राहिले. सिंधमधल्या अरबांना तर आश्रयाला मह्फूझा नावाचं नवं ठाणं बांधावं लागलं. सुमारे 1 कोटी 10 लाख चौरस किलोमीटरचा पसारा झाला होता, म्हणजे आजच्या भारताच्या तिपटीहून मोठा. इतक्या लांब माणूस, घोडा आणि पगार वेळेवर पोचवणं कुठल्याच राजधानीला जमेना.

पायरी 6: आता कोल्हापूरचा ताम्रपट काढा

इथवर टिकलेल्या नवशिक्यानं हा पत्ता राखून ठेवलेला असावा. कोणीतरी "पण याचा आपल्याशी काय संबंध?" असं विचारेपर्यंत थांबावं आणि मग शांतपणे "सामानगड" म्हणावं.

गडहिंग्लज तालुक्यातला सामानगड मंडळींना माहीत असतो तो 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडामुळं. पण याच गडाच्या नावानं ओळखला जाणारा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट शके 675 चा, म्हणजे 753-54 चा आहे. चालुक्यांचा मांडलिक असलेल्या दंतिदुर्गानं आपल्या धन्याची कर्नाटकी फौज मोडली आणि स्वतः सार्वभौम झाला, ही बातमी त्यात आहे.

आता दोन सन शेजारी ठेवा. उमय्या गेले 750 मध्ये. त्यांच्या फौजेला नवसारीला रोखणाऱ्या बादामीच्या चालुक्यांचं साम्राज्य कोसळलं 753 च्या सुमारास. तीन वर्षांच्या अंतरानं हरणारा गेला आणि जिंकणाराही गेला. दोघांना बाहेरच्या शत्रूनं संपवलं नाही. दमास्कसला खुरासानातल्या आपल्याच नाराज प्रजेनं, बादामीला आपल्याच मांडलिकानं. दोन्ही साम्राज्यांच्या विस्ताराच्या कथा सांगणारे खूप भेटतात. ती आतून कशी उसवली हे सांगणारा कट्ट्यावर एखादाच असतो, आणि तोही बहुधा कोपऱ्यात बसलेला.

इथं एक सावधानता. दंतिदुर्ग स्वतः नवसारीच्या लढाईत अरबांशी लढला, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. तर्क म्हणून सांगायला हरकत नाही. पण सामानगडाच्या ताम्रपटात अरबांचं नाव नाही. तेव्हा "आपल्या सामानगडावरच लिहून ठेवलंय" असं ठोकून देऊ नये. गडहिंग्लजचा एखादा माणूस कट्ट्यावर असतोच.

पायरी 7: शत्रू पाहुणा कधी झाला?

सोपी पद्धत: ही पायरी ऐकूच नका. आतापर्यंत मिळालेल्या टाळ्या इथं परत द्याव्या लागतात.

अवघड पद्धत: 851 च्या एका अरबी प्रवासवृत्तांतात, जो सुलैमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर सांगितला जातो, जगातले चार मोठे राजे मोजले आहेत: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रोमनांचा सम्राट आणि चौथा 'बल्हारा'. बल्हारा म्हणजे वल्लभराज, आपला राष्ट्रकूट राजा. त्याची राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. अरबांवर इतकी मर्जी असलेला दुसरा राजा हिंदुस्थानात नाही, असं हा वृत्तांत सांगतो.

851 मध्ये गादीवर होता अमोघवर्ष पहिला. याच अमोघवर्षाबद्दल 871 चा संजाण ताम्रपट सांगतो, की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. ही महालक्ष्मी म्हणजे कोल्हापूरची अंबाबाईच, असं अनेक अभ्यासक मानतात. महालक्ष्मीला बोट वाहणारा राजा आणि अरबांचा लाडका राजा हा एकच माणूस होता. या वाक्यानंतर कट्ट्यावर थोडी शांतता पसरते. ती मोडायची घाई करू नये.

ही मर्जी कशापायी? मोठ्या मनापायी असं म्हणायला आवडेल, पण कारणं व्यवहाराची आहेत. ओमान, बसरा आणि सिराफहून येणारे व्यापारी किनाऱ्याच्या बंदरांत जकात भरत, आणि दक्षिणेच्या फौजांना लागणारे चांगले घोडे समुद्रापलीकडूनच यायचे. शिवाय राष्ट्रकूटांचं कनौजच्या प्रतिहारांशी पिढीजात वैर, आणि सिंधच्या अरबांचंही प्रतिहारांशी वैर. शत्रूचा शत्रू दारात आला तर त्याला पाट मांडायचा, हे राजकारण त्या वेळीही होतं. धर्म दोघांचे वेगळे, अडचण एकच.

916-17 च्या सुमारास मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला आला. आजच्या रायगड जिल्ह्यातलं हे बंदर तेव्हा उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होतं. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथंच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे आणि त्याची नेमणूक हिंदू राजा करत असे. ज्या किनाऱ्यावर आरमार टिकलं नाही, त्याच किनाऱ्यावर वजनकाटा घेऊन आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

पायरी 8: संजाणचा सुभेदार

ही शेवटची पायरी. इथं सोपी पद्धत उपलब्ध नाही.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके 848 चा, म्हणजे 926 चा ताम्रपट राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळचा आहे. संजाणच्या मंडळावर नेमलेला सुभेदार त्यात ताजिक, म्हणजे अरब वंशाचा आहे. नाव मधुमती, अर्थात मुहम्मद. त्याला हा कारभार कृष्ण दुसरा याच्याकडून मिळाला होता. या मधुमतीनं लोकांसाठी नदीवर फुकट नाव सुरू केली, आणि वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं. त्याच्या कारकिर्दीत भगवती देवीची मठिका उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी त्यानं राजाच्या संमतीनं गावाचं उत्पन्न लावून दिलं. देवीच्या मठाला अरब सुभेदाराचं दानपत्र, तेही संस्कृतात.

आणि गाव कोणतं, तर संजाण. अरबांनी इराण जिंकल्यावर धर्म वाचवण्यासाठी निघालेले पारशी परंपरेनुसार ज्या बंदरात उतरले, तेच हे. एकाच गावात एका साम्राज्यामुळं परागंदा झालेले लोक आणि त्याच साम्राज्याच्या मुलखातून आलेल्या घराण्याचा सुभेदार. दोघंही राष्ट्रकूटांचे प्रजाजन.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"मग शेवटी आपण जिंकलो का हरलो?"
आधी 'आपण' म्हणजे कोण ते विचारून घ्यावं. चालुक्य, राष्ट्रकूट आणि प्रतिहार हे सगळे आपलेच, आणि ते वर्षानुवर्षं एकमेकांशी लढत होते. नवसारीला चालुक्य जिंकले, पंधरा वर्षांत ते राष्ट्रकूटांपुढं हरले. दोन्ही वेळा जिंकलेले आपल्याच वंशावळीत बसतात, आणि दुसऱ्या वेळी हरलेलेही.

"अरबांनी इथून काही नेलं का?"
नेलं. आठव्या शतकात बगदादला ब्रह्मगुप्ताच्या ज्योतिषग्रंथाचं अरबी रूपांतर झालं. पंचतंत्रातल्या गोष्टी पहलवीतून अरबीत गेल्या. शून्यासह आपले अंक तिकडून युरोपात गेले. मोबाईलवर ज्या सनावळ्या फिरतात, त्या याच अंकांत असतात.

"हे आम्हाला कोणी शिकवलं कसं नाही?"
या प्रश्नाला उत्तर देऊ नये. विचारणारा त्या तासाला खासबागेत होता, हे सगळ्यांना माहीत असतं.

"तू नक्की कोणाच्या बाजूचा?"
इथवर आलात म्हणजे सगळ्या पायऱ्या नीट उतरल्या. उत्तर द्यायचंच असेल तर ताम्रपटाच्या बाजूचा, असं द्यावं.

अंतिम सूचना

साम्राज्य तलवारीनं वाढतं, पण टिकतं ते नोंदवहीनं, वेळेवर मिळणाऱ्या पगारानं आणि शेजाऱ्याशी केलेल्या व्यवहारानं. हे तीन आटले की राजधानी दमास्कस असो नाहीतर बादामी, ती पडतेच. हा सगळा इतिहास एका वाक्यात बसवून देणारा माणूस भेटला, तर त्याला कोण, कधी आणि कुठं एवढे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. उत्तरं आली तर खुर्ची पुढं ओढून ऐका. नाही आली, तर त्याला येत्या रविवारी सामानगडाला घेऊन जा. आणि त्याला गडावर चढायचा कंटाळा असेल, तर निदान दसरा चौकापर्यंत चालवा. शाहू महाराजांच्या पुढाकारानं 1906 मध्ये सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग तिथं आहे.